रुजू होण्यास पात्र

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी मी जयपूरच्या कार्यालयात पुन्हा रुजू झालो. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांनुसार वैद्यकीय रजेवरून परतणाऱ्या कर्मचाऱ्याला तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा नमुनाही ठरलेला आहे. संबंधित व्यक्ती बरी झाली असून सरकारी सेवेत रुजू होण्यास पात्र आहे, एवढाच त्याचा आशय. मी कागद दिला, आस्थापना शाखेने तो फाइलला लावला आणि प्रकरण निकाली निघाले. त्याच संध्याकाळी मैदानावरून फोन आला, "साहब, चश्मा उतर गया, अब तो आ जाइए!"

मैदान कबड्डीचे. आणि मी कबड्डी खेळतो ही गोष्ट माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हती. ती मी लपवली होती.

माझे बालपण सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्याकडे म्हातारी माणसे या खेळाला अजूनही हुतूतूच म्हणत. सातवीत मला चष्मा लागला आणि पुढे नंबर साडेचारपर्यंत गेला. कबड्डीत चष्मा घालून उतरता येत नाही, आणि मातीच्या मैदानावर कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे धुळीला आमंत्रण. चष्मा काढून खुंटीला अडकवायचा आणि धुक्यात शिरावे तसे मैदानात शिरायचे, हीच सवय लागली. चेहरे दिसत नसत, हालचाल तेवढी दिसे. कोपऱ्यातला गडी पुढे झुकला की त्याच्या अंगाचा रंग गडद होतो, यावरून मी पकड ओळखत असे.

नोकरीने मला गावापासून दूर आणले, तरी हा खेळ सुटला नाही. जयपूरला बदली झाल्यावर महिनाभरातच एक रविवारची टोळी सापडली: दोन कारकून, एक वाहनचालक, एक पोलीस शिपाई, शेजारच्या महाविद्यालयातली काही मुले आणि मी. मध्यरेषा ओलांडली की हुद्दा गळून पडतो. आठवडाभर माझ्यासाठी गाडीचे दार उघडणारा माणूस रविवारी माझा घोटा धरून मला आडवा करतो, यात जे समाधान आहे ते कोणत्याही बढतीत मला मिळालेले नाही. शिवाय मराठी माणसाला इथे टोमणेही ऐकावे लागतात. जयपूर पिंक पँथर्सने प्रो कबड्डीचे विजेतेपद २०१४ मध्ये यू मुंबाला आणि २०२२ मध्ये पुणेरी पलटणला हरवून मिळवले, आणि दोन्ही अंतिम सामने मुंबईतच झाले. ही माहिती मला दर रविवारी नव्याने पुरवली जाते.

असो. बेचाळिसाव्या वर्षी लेसरने नंबर घालवण्याचे ठरवले. तपासणीच्या दिवशी भरायच्या अर्जात व्यवसायाचा रकाना होता. तिथे 'सरकारी नोकरी' लिहिले. खेळाचा रकाना नव्हता. डॉक्टरांनी मात्र तोंडी विचारले, "खेळ, व्यायाम वगैरे?" शेजारी पत्नी बसली होती. गेल्याच वर्षी खांदा दुखावल्यावर तिने कबड्डीवर बंदी घातली होती आणि मी ती मान्य केल्याचे भासवले होते. पण सगळा दोष तिच्या उपस्थितीवर टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. बेचाळीस वर्षांच्या अधिकाऱ्याने आपण मातीत लोळतो असे सांगणे मलाच कमीपणाचे वाटले. मी म्हणालो, "रोज चालतो." डॉक्टरांनी तसे लिहून घेतले.

त्या एका उत्तराने काय ठरले, ते आठवड्यानंतरच्या तपासणीत कळले. त्या दिवशी मी एकटा होतो आणि धीर करून खरे सांगितले. डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले. "हे पहिल्या दिवशी सांगायला हवे होते," एवढेच म्हणाले आणि कागदावर एक आकृती काढून समजावू लागले.

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. लॅसिक पद्धतीत त्याच्या वरचा सुमारे शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा बाजूला उलटतात, खालच्या भागाला एक्सायमर लेसरने नवा आकार देतात आणि पान पुन्हा जागेवर बसवतात. टाका एकही नसतो. दुसऱ्या दिवशी माणसाला लख्ख दिसते, म्हणून ही पद्धत इतकी लोकप्रिय झाली. परंतु तो पापुद्रा पूर्वीच्या ताकदीने कधीच सांधला जात नाही. कडेला तो भरून येतो, आतून मात्र कमकुवतच राहतो. डोळ्यात बोट गेल्याने किंवा झाडाची फांदी लागल्याने शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी पापुद्रा सरकल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. चेहऱ्यावर हात, कोपर, गुडघा बसणे हा ज्या खेळाचा नित्यक्रम आहे, त्या खेळाडूसाठी पीआरके नावाची जुनी पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते. तिच्यात पापुद्रा कापत नाहीत. वरचे नाजूक आवरण खरवडून थेट लेसर वापरतात. ते आवरण चार-पाच दिवसांत पुन्हा उगवते. त्या दिवसांत वेदना बऱ्याच असतात आणि दृष्टी स्वच्छ व्हायला काही आठवडे लागतात. पण सरकण्यासारखे काही मागे उरत नाही. स्माइल या अलीकडच्या पद्धतीतही पापुद्रा नसतो. काही मिलिमीटरच्या बारीक छेदातून आतली पातळ चकती काढून घेतात.

रोज चालणाऱ्या कारकुनी माणसासाठी डॉक्टरांनी योग्य तीच पद्धत निवडली होती. चुकीची होती ती माहिती, आणि ती मी पुरवली होती.

या लेसरचा इतिहास मी नंतर वाचला. मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ साली सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनी हा किरण वापरून पाहिला, आणि भोवतालचा भाग न भाजता अतिशय नेमका छेद घेता येतो हे त्यांच्या लक्षात आले. यंत्र किती अचूक आहे याचे कौतुक वाटते. परंतु ते अचूक यंत्र कुठे आणि कसे चालवायचे, हे शेवटी रुग्णाच्या एका तोंडी उत्तरावर अवलंबून होते.

मला तीन महिने मैदान वर्ज्य सांगण्यात आले. पहिले आठवडाभर रात्री डोळ्यांवर पारदर्शक कवच, डोळे चोळायचे नाहीत, दिवसातून अनेकदा कृत्रिम अश्रूंचे थेंब. पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या सूक्ष्म नसाही कापल्या जातात, त्यामुळे काही महिने डोळे कोरडे राहतात. त्यात जयपूरची हिवाळ्यातली हवा. शस्त्रक्रिया डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. मकर संक्रांतीला संपूर्ण जयपूर शहर गच्चीवर असते. पक्ष्यांच्या रक्षणासाठी प्रशासन सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक तास पतंगबंदीचा आदेश काढते. घार आणि पोपट मांज्यात अडकू नयेत म्हणून काढलेला तो आदेश मी यंदा प्रथमच लाभार्थीच्या नजरेने वाचला. काळा चष्मा लावून जिन्यात बसलो आणि आकाश दुसऱ्यांकडून ऐकले.

या काळात एक विचित्र अडचण येते. दुखत काहीच नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसते, लोक वाट देतात. इथे मात्र दूरच्या झाडाचे पानन् पान दिसत असते, आणि मन सांगत असते की तू पूर्ण बरा आहेस. वेदना हा शरीराचा जुना पहारेकरी आहे. तो जिथे हजर नसतो तिथे त्याचे काम नियमाला करावे लागते. आयुष्यभर इतरांना नियम सांगणाऱ्या माणसाला ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यावरून शिकावी लागली.

फेब्रुवारीत त्याची परीक्षा झाली. अखिल भारतीय नागरी सेवा कबड्डी स्पर्धेसाठी आमच्याकडे निवड चाचणी होती आणि कर्मचाऱ्यांच्या अर्जांवर शिफारस करण्याचे काम माझ्याकडे होते. एक तरुण साहाय्यक अर्ज घेऊन आला. उत्तम चढाईपटू, निवड जवळजवळ निश्चित. सोबत तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र होते. एरवी मी अशा कागदांवर न वाचता सही करीत आलो आहे. त्या दिवशी माझे लक्ष त्याच्या नाकावर गेले. चष्म्याचे वण होते, चष्मा नव्हता.

विचारल्यावर त्याने सांगितले, पाच आठवड्यांपूर्वी लॅसिक झाले. प्रमाणपत्रावरची तारीख नंतरची होती आणि मजकूर तोच: सेवेत रुजू होण्यास पात्र. मी म्हणालो, तुझ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एकच प्रश्न लेखी विचारून ये: कबड्डी खेळण्यास पात्र आहे का? तो म्हणाला, "सर, दर्द तो है ही नहीं." मी सही केली नाही. दोन दिवसांनी लेखी उत्तर आले: तीन महिने अंगलटीचा खेळ नको. त्याची चाचणी हुकली, म्हणजे त्याचे एक वर्ष गेले. महिनाभर तो जिन्यात भेटला तरी मान वळवून जात असे. मला वाईट वाटले, आणि आपण बरोबर केले असेही वाटले. प्रशासनात या दोन भावना बहुधा एकाच फाइलमध्ये राहतात.

या शहराच्या एका जुन्या उदाहरणाने मला त्या दिवसांत दिलासा दिला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोदकरण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला. त्याआधीचे कृत्रिम पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवलेले असत. या दोघांनी प्रश्नच वेगळा विचारला: आपल्या माणसाला परत कुठे जायचे आहे? त्याला उकिडवे बसायचे आहे, मांडी घालायची आहे, चिखलातून अनवाणी चालायचे आहे. त्या उत्तरातून रबराचा पाय जन्मला. १९७५ साली देवेंद्रराज मेहता या प्रशासकीय अधिकाऱ्याने भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचवण्याची व्यवस्था उभी केली. रुग्ण रुग्णालयातून बाहेर पडला की काम संपले, असे त्यांनी मानले नाही. तो शेतात परतला की संपले, असे मानले.

आपले बहुतेक अर्ज याच्या उलट असतात. ते माणूस कुठून आला हे विचारतात: नाव, वय, व्यवसाय, पत्ता. त्याला परत कुठे जायचे आहे याचा रकाना नसतो. सैन्यदलांचे वैद्यकीय निकष या बाबतीत अधिक शहाणे आहेत. अशी शस्त्रक्रिया विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी, तिच्यानंतर ठरावीक काळ गेलेला असावा, कॉर्नियाची उरलेली जाडी पुरेशी असावी, अशा अटी तिथे आहेत. कारण उमेदवाराला परत कुठे जायचे आहे हे तिथे आधीच ठाऊक असते. आमच्या कार्यालयाच्या क्रीडा समितीत मी एक ओळ वाढवून घेतली आहे. खेळाडूच्या प्रमाणपत्रात आता खेळाचे नाव आणि गेल्या सहा महिन्यांतील शस्त्रक्रियेचा उल्लेख असतो. या सुधारणेला कोणताही खर्च आला नाही. पण रकाना असूनही माणूस 'रोज चालतो' असे लिहू शकतो, हे मी विसरलेलो नाही.

धुळवडीच्या सुमारास माझे तीन महिने पुरे झाले. जयपुरात त्या दिवशी मणिहारांच्या गल्लीत बनलेले लाखेचे गुलालगोटे अंगावर फोडतात. मी काळ्या चष्म्यासह पाठीवर एक झेलला. त्यानंतरच्या रविवारी मैदानावर गेलो, तर रेषेबाहेर तो तरुण साहाय्यक गुण लिहीत बसला होता. त्याचे अजून थोडे दिवस बाकी होते. मीही शेजारी बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने वही माझ्याकडे सरकवली आणि विचारले, "सर, बोनस का पॉइंट मैंने ठीक लिखा है?"

डॉक्टरांनी मला परवानगी दिली आहे, पण धोका पूर्णपणे गेला असे म्हटलेले नाही. म्हणून मी रविवारी ओळखीच्या माणसांतच खेळतो, स्पर्धेत नाही. एप्रिलमध्ये एकाचा तळवा चेहऱ्यावर बसला. खेळ थांबला. मी डोळा चोळला नाही; एकेक डोळा झाकून समोरच्या शाळेची पाटी वाचली. दोन्ही डोळ्यांनी ती सारखीच स्वच्छ वाचता आली. नसती आली, किंवा डोळा दुखू लागला असता, तर डोळ्यावर कवच लावून त्याच रात्री रुग्णालय गाठायचे, सकाळची वाट पाहायची नाही, असे ठरलेले आहे. सरकलेला पापुद्रा लवकर गेल्यास पुन्हा बसवता येतो. उशीर झाला की त्याला सुरकुत्या पडतात.

पत्नीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला पहिल्यापासून ठाऊक होते, तुझ्या टॉवेलला माती असायची." आता फाइली वाचायला चाळिशी लागेल, असे डॉक्टर म्हणतात, ती लेसरने टळत नाही. सहा महिन्यांच्या तपासणीत पुन्हा तोच अर्ज भरला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिले: सरकारी नोकरी, रविवारी कबड्डी.