पाऊस सरल्यावरचं भोर

भोर शहराला लागून असलेल्या उत्रोलीत ऑक्टोबरमध्ये माणसं आभाळाकडे बघतात ती काळजीनं. जूनमध्येही बघतात, पण तेव्हा पावसाची ओढ असते. आता खाचरात इंद्रायणी पिवळी पडत आलेली असते, लोंब्या दाण्यांच्या भारानं वाकलेल्या असतात आणि परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. एक जोराची सर पुरते. उभं भात आडवं होतं, खाचरात पाणी साचलं की लोंबीतच दाण्याला कोंब फुटतात. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीला महाराष्ट्रात ठिकठिकाणी हेच घडलं, ऐन दिवाळीत.

पुण्या-मुंबईचा प्रवासी भोर-वेल्ह्याला ओळखतो ते पावसाळ्यातलं. धबधबे, धुकं, भाजलेलं कणीस आणि घाटात गाड्यांची रांग. गणपती उठले की ही गर्दी ओसरते. शरदातले पाच-सहा आठवडे हा डोंगरी मुलूख आपल्या कामात बुडालेला असतो, आणि तो कसा जगतो हे समजून घ्यायचं तर हेच दिवस पाहायला हवेत.

भातापासूनच सुरुवात करावी. मावळात भाताची ओळख दिवसांवरून ठरते : लवकर येणारं हळवं, मधलं निमगरवं, उशिराचं गरवं. वरकस जमिनीवरचं हळवं आधी कापणीला येतं, म्हणून दसऱ्याच्या तोरणात झेंडूबरोबर नव्या भाताच्या लोंब्या ओवता येतात. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये दिलेलं वाण, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेलं. वास आंबेमोहोराचा, उंची बेताची. जुना आंबेमोहोर उंच वाढायचा, वाऱ्या-पावसात लोळायचा, उताराही कमी द्यायचा. इंद्रायणीनं त्याची जागा का घेतली, ते परतीचा पाऊस पाहिलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

कापलेलं भात एक-दोन दिवस शेतातच उन्हं खातं. मग पेंढ्या बांधायच्या, भारे डोक्यावरून खळ्यावर आणायचे. झोडणी अजूनही अनेक ठिकाणी हातानंच होते : पेंढी बुडख्याकडून दोन्ही हातांनी घट्ट धरायची, डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला दाणे मोकळे होतात, पेंढी उलटून पुन्हा दोन फटके. उरलेला पेंढा जनावरांसाठी रचून ठेवायचा. धान्य वाऱ्यावर उफणताना भुसा अंगभर चिकटतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात घामाबरोबर टोचत राहतो. दिवाळीची खरेदी, सासुरवाशिणींचं माहेरी येणं, पोरांचे अंगणातले मातीचे किल्ले, हे सगळं या कामाच्या फटीतच बसवायचं असतं.

पोरं मातीचा किल्ला करतात आणि खराखुरा रोहिडा समोरच उभा असतो. विचित्रगड हे त्याचंच दुसरं नाव. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो होता, १६७० मध्ये तो परत स्वराज्यात आला. बाजारवाडीतून चढणारी वाट तीन दरवाज्यांतून वर जाते. तिसऱ्या दरवाज्यावर कोरलेली हत्तीची तोंडं आहेत, मराठी आणि फारसी असे दोन्ही शिलालेख आहेत. पावसाळ्यात बुरुजावर उभं राहिलं तरी ढगापलीकडे काही दिसत नाही. पावसानं हवेतली धूळ धुऊन काढल्यावर मात्र राजगड, तोरणा, पुरंदर, रायरेश्वर, केंजळगड एकाच फेरीत नजरेत येतात.

खाली भाटघर धरणाचं पाणी चकाकत असतं. १९२८ मध्ये लॉइड धरण म्हणून ते उभं राहिलं. वेळवंडीचं खोरं बुडालं आणि नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडची शेतं भिजली. शरदात धरण तुडुंब असतं, त्याचा आनंद खालच्या मुलखाला होतो. डोंगरउतारावरची बरीचशी खाचरं मात्र आजही आभाळाच्याच भरवशावर पिकतात. पाऊस झेलायचा इथं आणि त्याच्यावर बागायत करायची दुसरीकडे, हा हिशेब या डोंगरांच्या वाट्याला आला आहे, आणि तो न्यायाचा नाही.

डोंगरमाथ्यांवर याच सुमारास सोनकी पसरते. कातळावर माती वीतभरसुद्धा नसते. ती सुकायच्या आत फुलून बी धरायचं असतं म्हणून रायरेश्वरचं पठार काही दिवसांतच पिवळं होतं आणि तितक्याच झटपट ओसरतं. कारवीची घाई निराळी. ती सात वर्षं वाट बघते, मग उतारच्या उतार एकदम जांभळा होतो, बी पडतं आणि झुडपं मरतात. तिच्या सरळ काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून घरांचे कुड होत. पत्रा आणि विटा आल्या तसे कुड कमी झाले.

पुण्याहून कापूरहोळमार्गे भोर जेमतेम ५० किलोमीटर. कापणीच्या दिवसांत जरूर यावं. गाडी खळ्याच्या तोंडाशी लावू नये, खाचरातून न जाता बांधावरून चालावं, फोटोसाठी सोनकीत लोळू नये. तांदूळ घ्यायचा तर शेतकऱ्याच्या दारातून, तो सांगेल त्या भावानं घ्यावा. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, तेव्हा काही महिने मुरवून मग शिजवावा.