पान तोडल्यानंतरची मिनिटे

पिकाने मातीतून घेतलेल्या नायट्रेटचे नायट्राइट करणारे विकर, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, नायट्रेट रिडक्टेज या नावाने ओळखले जाते. त्याची क्रियाशीलता मोजण्यात हयात गेलेल्या संशोधकाला आपला हात मंदावल्याची जाणीव पिपेट धरताना होत नाही, ती पान तोडून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवण्याच्या अवधीत होते. प्रकाश जाताच पालकाच्या पानात काही मिनिटांत या विकरातील सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडले जाते, त्यावर १४-३-३ नावाचे प्रथिन मॅग्नेशियमच्या साहाय्याने बसते आणि विकर नष्ट न होता निष्क्रिय होते. म्हणून बंद पिशवीतून आणलेले पान शेतातल्या उन्हाची नव्हे, पिशवीतल्या अंधाराची साक्ष देते.

अर्कद्रावणात मॅग्नेशियम ठेवले तर त्या क्षणी चालू असलेले विकर मोजले जाते. मॅग्नेशियम बांधून ठेवणारे ईडीटीए घातले तर १४-३-३ प्रथिनाची पकड सुटून निष्क्रिय विकराचा बराचसा भागही मोजणीत येतो. दोन आकड्यांचे गुणोत्तर हाच या कामाचा खरा निकाल असतो, आणि तोच विलंबाने सर्वाधिक बिघडतो. एकाच उशिराने आणलेली सगळी पाने एकमेकांशी सुरेख जुळणारे आकडे देतात, आणि त्या जुळणीचा अभिमान या विद्येतल्या जुन्या माणसांनाही सोडवत नाही.

१९६० साली हेगमन आणि फ्लेशर यांनी मक्याच्या रोपांत प्रकाश आणि नायट्रेट या दोहोंचा या विकरावरील परिणाम दाखवला. विकराच्या घडणीत मॉलिब्डेनम लागते; त्याची उणीव असलेल्या फुलकोबीत भरपूर ऊन असूनही नायट्रेट साचून राहते. खतमात्रा भरपूर आणि आठवडाभर आभाळ भरलेले, अशा वेळी पालेभाजीतही तेच घडते, कारण उजेड कमी पडला की हे विकर मंदावते, आणि नायट्राइटचे पुढे अमोनियम करण्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉनही हिरव्या पानात मुख्यतः प्रकाशाच्या बळावरच मिळतात.

अलीकडे जनुकाचा संदेश, म्हणजे आरएनए, मोजून विकराचे काम मोजले असे मानणारे प्रबंध वाढत आहेत. ही या विद्येची घसरण आहे, कारण संदेश भरपूर असतानाही विकर निष्क्रिय असू शकते. पान तोडल्याची वेळ, त्या वेळचे ऊन आणि गोठवण्यापर्यंतचा अवधी ज्या प्रबंधात नोंदलेला नाही, त्यातील क्रियाशीलतेचा आकडा परीक्षकांनी स्वीकारू नये.