ग्वाल्हेरच्या बाजारात मला आवरा!

ऐका, किल्ला उद्या बघू. तो कुठे पळून जात नाही. आधी बाजार!

लश्कर नावाच्या जुन्या भागात शिरले आणि पाट्या वाचूनच उडाले. पाटणकर बाजार! चिटनीस की गोठ! अहो, ही तर आपली माणसं! १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ टाकला आणि मग तो तळ उठलाच नाही, तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार आले, आणि मग त्या बाजारात, सकाळी सकाळी, हातात द्रोण धरून मी! द्रोणात बेडई. उडदाच्या डाळीचं सारण भरलेली फुगीर पुरी, वर बटाट्याची झणझणीत रस्साभाजी. आणि शेजारच्या कढईत जिलेबी! न्याहारीला! तिखट, गोड, पुन्हा तिखट. मला खाण्यातलं काही कळत नाही, घरी माझ्या पोह्यांचाही लगदा होतो, पण हे कळलं!

आणि मग गजक! थंडीत याल तर इथेच मुक्काम ठोकाल. आपली तिळाची वडी दाताशी भांडते, ही जिभेवर नुसती भुगा होते! का? मी तिथेच ठाण मांडलं. गुळाचा पाक जरा निवला की खुंटीला अडकवून ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात, आणि काळपट पाक डोळ्यांदेखत फिका पडत जातो, कारण त्यात हवा शिरते! हवा! आणि मग त्यात भाजलेले तीळ पडतात आणि लाकडी मोगऱ्यांनी धपाधप कुटाई सुरू, की पदरावर पदर! ‘दीदी, ज़रा हटके,’ कारागीर म्हणाला. मी पाऊलभर सरकले. तेवढंच.

गजकचं खरं माहेर शेजारचं मुरैना म्हणे. तिथल्या गजकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मिळो बापडं! मी गुळाची घेतली, साखरेची घेतली, आणि मग कुणीतरी नया बाजारातल्या बहादुराच्या लाडवांचं नाव काढलं. बुंदीचे, साजूक तुपातले! अटलबिहारी वाजपेयींच्या आवडीचे! अटलजी ग्वाल्हेरचेच ना!

आता पिशवीचा बंद तुटायला आलाय आणि दाल बाजार अजून राहिलाय. बघत काय उभे राहिलात? एक बाजू तुम्ही धरा!