दारापाशी ठेवलेला झोला

आमची नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. लग्न होऊन मी तिथे आले तेव्हा घरात आम्ही सातजण होतो. एवढ्याशा जागेत संसार करणाऱ्या बाईला एक विद्या कोणी न शिकवता येते. खाली काही ठेवायचे नाही, सगळे वर चढवायचे. अंथरुणे माळ्यावर, ट्रंका माळ्यावर, डबे फळीवर, दप्तरे खिळ्याला. जमीन माणसांची आणि भिंत सामानाची. येणारेजाणारे म्हणत, "वहिनी, एवढी माणसे, पण खोली कशी मोकळी!" मला त्याचा फार अभिमान होता. हा अभिमान मी नेपाळात घेऊन गेले, त्याची ही हकिकत आहे.

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ९ हजार माणसे गेली. तो शनिवार होता, आणि तिकडे शनिवारी शाळांना सुट्टी असते, म्हणून लेकरे तरी वर्गात नव्हती. मी त्याच वर्षी इस्पितळातल्या नोकरीतून निवृत्त झाले होते. जखमा बांधायला हात कमी पडताहेत असे कळले तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांच्या जथ्याबरोबर मीही निघाले. कुर्ल्याहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा आणि पुढे बस. आपल्या माणसांना तिकडे पासपोर्ट लागत नाही, माझे मतदार ओळखपत्र चालले. घड्याळ तेवढे पंधरा मिनिटे पुढे करावे लागले.

आमचा मुक्काम भक्तपूरला होता. हे विटांचे जुने शहर. मातीत रचलेल्या विटांची घरे पडून गल्ल्या बुजल्या होत्या. एका बंद शाळेच्या तळमजल्यावर आम्हा आठ बायकांना एक वर्गखोली मिळाली. नागपूरच्या एक सिस्टर, श्रीलंकेच्या दोघी, एक जर्मन विद्यार्थिनी, नेपाळी मुली तिघी आणि मी.

खोलीची अवस्था काय सांगू! बाके एका बाजूला ढकललेली, मधे सलाईनचे खोके, बिस्किटांचे पुडे, कापसाची बंडले, ओले रेनकोट, मोबाईलच्या वायरी, आठजणींच्या पिशव्या. रात्री लघवीला उठावे तर कोणाच्या तरी अंगावर पाय पडे. दिवसभर राबून आलेल्या बायका. प्रत्येकीला वाटे दुसरी आवरील. एके दिवशी माझे पोट बिघडले, म्हणून मला खोलीवरच ठेवले. मी पदर खोचला.

बाकांवर बाके चढवून मी चक्क माळा केला. सलाईनचे खोके एकेक करून कपाटावर चढवले. उचलताना कंबर मोडली. दारापासून खिडकीपर्यंत दोरी बांधून ओले कपडे टाकले. पिशव्या माळ्यावर ओळीने लावल्या. दोन तासांत जमीन दिसू लागली.

शेवटी राहिला एक झोला. जुने शाळेचे दप्तर, गच्च भरलेले, दाराच्या अगदी कडेला, चपलांशेजारी ठेवलेले. तो सिंधुपाल्चोकच्या मुलीचा होता. ती झोपायचीही दारापाशीच. ही मुलगी दमाई, म्हणजे शिंपीकाम करणाऱ्या जातीची, आणि तिकडे त्या जातीचा विटाळ मानत आले आहेत, हे मला नागपूरच्या सिस्टरांनी आधीच सांगितले होते.

तो झोला पाहिला आणि मला माझी आजी आठवली. आजी गावी सरपणाची मोळी घेऊन वाड्यावर जायची तेव्हा अंगणाच्या कडेला उभी राहायची. ती सवय तिच्या हाडात शिरली होती. मुंबईला आमच्याकडे आली तरी गाठोडे उंबऱ्यापाशी ठेवायची. स्वतःच्या लेकाच्या घरात! वडील दरवेळी काही न बोलता ते उचलून आत आणायचे.

मीही तेच केले. झोला उचलला आणि माळ्यावर सगळ्यांत पुढे, मानाच्या जागी ठेवला.

संध्याकाळी सगळ्यांनी माझे कौतुक केले. त्या मुलीने वर पाहिले, झोला काढला आणि पुन्हा दारापाशी ठेवला. सकाळी मी तो पुन्हा वर ठेवला आणि तिला हिंदीत समजावले, "बाळ, इथे कोणी कोणाला दारात बसवत नाही." ती काहीतरी बोलणार होती, पण मी वयाने मोठी, ती मला दिदी म्हणायची. गप्प बसली.

१२ मे, मंगळवार. दुपारचा पाऊण वाजून गेला होता. आम्ही जेवायला खोलीवर आलो होतो. आधी बाके थरथरली, मग जमीनच पायांखालून ओढल्यासारखी झाली. नेपाळी मुली ओरडल्या, "आयो! आयो!" माझा माळा कोसळला. कपाटावरचा सलाईनचा खोका जर्मन मुलीच्या उशीवर येऊन फुटला. ती रात्री तिथेच डोके ठेवून झोपत होती. पळताना माझ्याच दोरीवरचे लुगडे माझ्या गळ्यात अडकले. नागपूरच्या सिस्टरांच्या नडगीवर बाक आदळले. मैदानात आलो तेव्हा मोजले, आठहीजणी होतो. तो धक्का ७.३ तीव्रतेचा होता असे नंतर कळले.

ती मुलगी मात्र परत दाराकडे धावली. दोघींनी तिला कवळा घालून धरली. "झोला! मेरा झोला!" तिचे घर २५ तारखेलाच पडले होते. वडिलांनी आणि तिने दोन दिवस ढिगारा उपसून जमिनीचा कागद, ज्याला ते लालपुर्जा म्हणतात तो, घरातल्या सगळ्यांची नागरिकतेची प्रमाणपत्रे आणि तिच्या परीक्षेची कागदपत्रे काढली होती. ते सगळे त्या झोल्यात होते. तिकडे अशा पिशवीला झटपट झोला म्हणतात. कागद, बॅटरी, पाणी, कोरडे खाणे भरून ती दाराजवळ ठेवायची, म्हणजे पळताना हाती लागते.

अंधार पडेपर्यंत कोणाला आत जाऊ दिले नाही. मी तिच्याशेजारी गवतावर बसून राहिले. माफी मागितली. ती म्हणाली, "पण दिदी, तुम्ही दोनदा वर का ठेवलात?" मी आजीच्या गाठोड्याचे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या गावात नळावर तसेच आहे. आम्ही लांब उभे राहतो. पण हा झोला त्यासाठी नव्हता." आणि हसली. मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी झोला मिळाला, बाकांखाली दबलेला, पण धड. पुढच्या पाच रात्री आम्ही ताडपत्रीखाली काढल्या. इंजिनियर इमारत तपासून गेले तेव्हा परत आत आलो. या वेळी खोली तिने लावली आणि मी तिच्या हाताखाली राबले. जड ते सगळे खाली, उशांपासून लांब. कपाटाची दारे दोरीने बांधलेली. डोक्यावर काही टांगायचे नाही. प्रत्येकीच्या अंथरुणापासून दारापर्यंत वाट मोकळी, चपला पायाशी, तोंड दाराकडे. खोली पहिल्यापेक्षा भरलेली दिसत होती. माझ्या चाळीच्या डोळ्यांना ते खुपायचे, खोटे कशाला सांगू. पण दारापाशी आता आठ झोले एका ओळीत होते. माझा तिच्या शेजारी.

मुंबईला परतले त्या रात्री झोप लागेना. नात माळ्याखाली झोपली होती, आणि वर सासूबाईंची लोखंडी ट्रंक. सकाळी मुलीला म्हटले, ही खाली काढू. ती म्हणाली, "आई, ठेवणार कुठे?" शेवटी पलंगाखाली कशीबशी सरकवली, महिनाभर येताजाता माझ्या पायाच्या बोटाला लागत होती. माझा झोला मात्र तेव्हापासून दाराच्या कडेला असतो. पाहुणे विचारतात, "कुठे निघालात का?"