चाचीचा सबर

आमच्या भिंतीला भिंत लावून पिंजाऱ्याचं घर. नदीकडच्या उतारावर, पंचगंगा चढली की पहिल्यांदा जिथं शिरते तिथं. आमच्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या बाजूला मक्केचं चित्र, मध्ये एका विटेची भिंत. भिंतीतून पिंजणाच्या तातीचा आवाज यायचा. तो ऐकतच मी शाळेची पुस्तकं वाचली. चाचा दिवसभर कापूस पिंजायचा आणि रात्रभर खोकायचा. पेठेतल्या लोकांना मऊ गाद्या, चाचाच्या छातीत धूळ. त्या दम्यातच तो गेला. पाठीमागं तीन पोरं आणि कर्ज. मयतीला आलेला जो तो चाचीला सांगत होता, सबर कर, सबर कर.

मला त्या शब्दाचा राग होता. दोस्तांनो, तुम्हालाही असेल. आमच्या आज्यानं मेलेलं ढोर ओढलं, आजीनं शिळ्या भाकरीसाठी पदर पसरला, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, मागल्या जल्माचं पाप. सोसणं हाच तिचा धर्म करून ठेवला होता. बाबासाहेबांनी त्या सोसण्याची मुळं खणली, तेव्हा कुठं आम्ही मान वर केली. म्हणून कुणी धीर धर म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी चाचीला तोंडावर म्हटलं होतं, "चाची, तुमचा अल्ला आणि आमच्या आजीचं नशीब एकच. गरिबाला गप बसवायची सोय."

चाची चिडली नाही. दाभणात दोरा ओवत म्हणाली, "लई शिकलास बाबा. चा पी."

मग २०१९ चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बुडाला, कोल्हापूरचं बेट झालं. आम्ही २००५ चा पूर बघितलेली शहाणी माणसं. तेव्हाच्या खुणेच्या वर सामान टाकलं आणि निघालो. पाणी खुणेच्याही वर गेलं. चाचीनं थंडीच्या धंद्यासाठी उधारीवर कापूस भरून ठेवला होता. भिजलेला कापूस बघितलाय का कुणी? मढ्यासारखा जड होतो, चार दिवसांत कुजतो. ज्या व्यापाऱ्याची उधारी, तोही पाच वक्ताचा नमाजीच. चाचीला सबर सांगणाऱ्यांत पुढं असायचा. पैशासाठी मात्र आठ दिवसांचा सबर त्याला निघाला नाही. असो. आमच्यातही असले बौद्धाचार्य आहेत.

आम्ही सगळे एका शाळेत. १२ ऑगस्टला बकरी ईद आली. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी मुसलमानांनी त्या ईदचा खर्च पूरग्रस्तांना दिला. चाचीकडं द्यायलाही काही नव्हतं आणि कापायलाही. तिनं बाकांच्या मध्ये चादर टाकून नमाज पढली आणि आमच्या-त्यांच्या पोरांना गोळा करून हाजराची गोष्ट सांगितली. हाजरा म्हणजे दासी. इब्राहीम पैगंबरांनी तिला तान्ह्या इस्माईलसकट वाळवंटात सोडलं. मशकीतलं पाणी संपलं, लेकरू तडफडायला लागलं. बाई सफा टेकडीवरनं मरवा टेकडीवर धावली. परत आली, परत धावली. सात खेपा. मग लेकराच्या पायापाशी जमजमचं पाणी फुटलं. आज हजला गेलेला राजा असो की भिकारी, त्या दासीसारखा सात खेपा घालतो.

मी खिडकीत बसून ऐकत होतो. पाण्यासाठी धावणारी माणसं म्हटली की आपल्याला चवदार तळं आठवणार. मी विचारलं, "चाची, मग सबर कुठं आला ह्यात? ही तर पळतीय."

"आरं, त्योच की सबर. बसली असती तर लेकरू मेलं असतं. अल्लावर इमान हुतं म्हणून तर सातव्यांदा पळाली."

पाणी उतरलं आणि दुसरा पूर सुरू झाला, कागदांचा. फुकट गहू-तांदळासाठी सरकारी निर्णयात अट होती, दोन दिवस पाण्याखाली असलं पाहिजे. म्हणजे बुडायचंसुद्धा हजेरी लावून. शहरात तातडीची मदत १५ हजार, ती मिळाली. पण दुकानाचं काय? पंचनाम्याला आलेला माणूस म्हणाला, जागा भाड्याची, कापसाच्या पावत्या भिजल्या, मी काय लिहू? चाची दुसऱ्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसली. सकाळी दहाला जायची. दुपारची नमाज तिथंच कोपऱ्यात. सोबत डब्यात कुजक्या कापसाचा गोळा, पुरावा म्हणून. शिपायानं वासाची तक्रार केली तर म्हणाली, माझ्या घरात ह्यो वास हाय, सायेबाला बी कळू दे.

चौथ्या दिवशी मी गेलो. "चाची, उठा. आपण मोर्चा काढू. असं बसून काय होतंय?"

"काडा की. मी येते. पर तुमचा मोर्चा पाचला सुटतो रं. मी सहाला पन हितंच असते." मग जरा थांबून म्हणाली, "सबर हाय म्हणून बसलेय. सबर नसता तर कवाच घरात तोंड झाकून पडले असते."

मी गप झालो. ठिय्या हा शब्द मी शेकडो पत्रकांत लिहिलाय. ही बाई कुणाचं पत्रक न वाचता तो करत होती. आजीचं सोसणं आणि चाचीचा सबर ह्यातला फरक मला त्या व्हरांड्यात दिसला. आजीला सांगितलं होतं, हे तुझ्याच पापाचं फळ. चाचीला कुणी पापी ठरवलं नव्हतं. तिच्या लेखी ही परीक्षा होती, आणि परीक्षेला बसलेला माणूस गुन्हेगार नसतो. आपल्या दहा पारमितांत क्षांती आहे, ती आपण बुद्धविहारात घडाघडा म्हणतो. तिचा अर्थ मला कचेरीत कळला, तोही एका पिंजारणीकडून. शाहू महाराजांनी १९०२ साली राखीव जागा दिल्या, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढलं. त्यांनीही कुणाला नुसता धीर धरा म्हणून परत पाठवलं नाही.

मला अल्ला अजून पटत नाही. चाचीला हे ठाऊक आहे. आमचं त्यावर भांडण चालूच असतं.

बाराव्या दिवशी पंचनाम्यात दुकानाची ओळ चढली. पैसे आले ते कापसाच्या निम्म्याचेही नव्हते. बाकीची उधारी तिनं दाभणानं फेडली. मध्ये कोरोना आला, २०२१ चा पूर आला.

१४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात जमावानं मुसलमानांची घरं फोडली, मशिदीची नासधूस केली. रात्री मी चाचीकडं गेलो. सत्तरीची बाई मोबाईलवर ते बघून हुंदके देऊन रडत होती. मला काय बोलावं सुचेना. सबर कर म्हणायची तर माझी जीभच धजली नाही. तिनंच डोळे पुसले.

"तिकडं पाऊस किती असंल. पोरं कशावर निजली असतील रं? माळ्यावरचा कापूस काड."

मी माळ्यावर चढलो. वरूनच भिंतीपलीकडं आमच्या हिला हाक मारली. दुसरं दाभण तिच्याकडं होतं.