वेगाच्या शाळेत संयमाचे धडे

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई ट्रॅकवर मोटारसायकल शर्यतीचं शास्त्र शिकवलं जातं. पण या शास्त्राची खरी गरज आहे ती रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्यांना.

मोटारसायकल चालवायला आपल्याकडे सहसा कोणी शिकवत नाही, ती आपोआप ‘येते’. मामाची किंवा मोठ्या भावाची गाडी, रविवारची दुपार, शाळेचं रिकामं मैदान आणि ‘क्लच हळू सोड रे’ एवढी एक सूचना, यावर बहुतेकांचं शिक्षण पुरं होतं. पुढे आरटीओच्या आवारात पाय न टेकवता आठचा आकडा काढून दाखवला की परवाना हातात पडतो. ब्रेक किती दाबावा, वळणावर नजर कुठे ठेवावी, अचानक समोर म्हैस आली तर काय करावं, हे ज्याचं त्याने रस्त्यावर शिकायचं.

या शिकण्याची किंमत फार मोठी आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं दगावली. त्यांतली 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. अशा वेळी मुलाने घरी येऊन ‘मला रेसिंग स्कूलला जायचंय’ म्हटलं, तर आईवडिलांच्या पोटात गोळा येणारच. आधीच हा भरधाव चालवतो, त्यात आणखी शर्यतीचं वेड! पण ती शाळा पाहिली आणि तिथले धडे समजून घेतले, तर ही भीती बरीचशी निवळते.

धावपट्टीपासून ट्रॅकपर्यंत

मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत दक्षिणेकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग बेंगळुरूमार्गे थेट चेन्नईला पोहोचतो. चेन्नई जेमतेम 40 किलोमीटर उरली असताना याच रस्त्यावर श्रीपेरुंबुदूर लागतं. हे वैष्णव आचार्य रामानुजांचं जन्मस्थान. 21 मे 1991 रोजी राजीव गांधींची हत्या झाली तेही हेच गाव. त्यांचं स्मारक इथे आहे. अलीकडे या पट्ट्याला मोटारींच्या कारखान्यांचं गाव म्हणायला हरकत नाही. नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर महामार्गावर सतत दिसतात. श्रीपेरुंबुदूरजवळच इरुंगाट्टुकोट्टई आहे, आणि तिथेच हा ट्रॅक.

मद्रासला शर्यतींचा नाद जुना आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना 1953 सालची. तेव्हा शर्यती व्हायच्या त्या शहराच्या उत्तरेला, शोलावरम इथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर. पुढे क्लबने स्वतःची जागा घेतली आणि 1990 साली इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक सुरू झाला. लांबी सुमारे पावणेचार किलोमीटर, वळणं 12. आता त्याला ‘मद्रास इंटरनॅशनल सर्किट’ म्हणतात, पण जुने लोक अजून ‘एमएमआरटी’ हेच नाव घेतात.

रस्ता आणि ट्रॅक यांतला फरक इथे पाहता क्षणी कळतो. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. समोरून कोणी येत नाही, मधे दुभाजक नाही, विजेचा खांब नाही, कुत्रं नाही, पाणीपुरीची गाडी नाही. कडेला मोकळी जागा सोडलेली असते, म्हणजे घसरलेल्या स्वाराला आपटायला काही नको. ठरावीक अंतरावर झेंडे घेऊन माणसं उभी असतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे सगळं थांबवा. रुग्णवाहिका तयार असते.

शिकवणी एका दिवसाची

शर्यतीचं तंत्र शाळेसारखं, इयत्तावार शिकवण्याची पद्धत रुजवली ती अमेरिकेतल्या कीथ कोड यांनी. त्यांनी 1980 साली ‘कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल’ काढलं. 2010 साली ही शाळा प्रथमच भारतात, याच ट्रॅकवर आली आणि पुढेही तिचे वर्ग इथे भरत राहिले. भारतीय शर्यतवीरांनीही नंतर स्वतःच्या अकादम्या काढल्या.

दिवस सुरू होतो तो कागदपत्रं आणि तपासणीने. टायर, ब्रेक, चेन, तेलाची गळती, सगळं पाहिलं जातं. आरशांवर चिकटपट्टी लावतात, कारण इथे मागे पाहायचंच नाही. मागच्याची काळजी मागच्याने घ्यायची. अंगात कातडी सूट, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट. चेन्नईच्या उन्हात हा पोशाख चढवणं हीच एक परीक्षा असते.

मग वर्ग भरतो. एका वेळी एकच धडा, फळ्यावर आकृती काढून. लगेच सुमारे 20 मिनिटं ट्रॅकवर तोच धडा गिरवायचा, परत येऊन प्रशिक्षकाशी बोलायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा वर्ग. असं दिवसातून 5 वेळा. प्रशिक्षक कधी मागून येत निरीक्षण करतात, कधी पुढे जाऊन स्वतः करून दाखवतात.

नवख्यांना पहिला धक्का बसतो तो पहिल्याच फेरीत. सांगितलं जातं, की गिअर एकच वापरा आणि ब्रेक लावू नका! वेगाची शाळा म्हणून आलेल्या तरुणाला आता वेग आवरूनच चालवावं लागतं. कारण ब्रेक नाही म्हटल्यावर वळणात किती वेगाने शिरायचं याचा अंदाज आधी घ्यावा लागतो. एरवी हा अंदाज चुकला की आपण ब्रेक दाबून चूक झाकतो. इथे ती झाकता येत नाही.

पाच धडे

पहिल्या इयत्तेत पाच धडे असतात. पहिला ॲक्सिलरेटरचा. वळणात घाबरून तो एकदम सोडला, की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी अस्थिर होते. एकदा गाडी वळली की ॲक्सिलरेटर हळूहळू, एकसारखा उघडत न्यायचा; मग भार मागच्या रुंद टायरकडे सरकतो आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते.

दुसरा धडा वळण्याच्या जागेचा. गाडी नेमकी कुठे वळवायची हे आधी ठरवायचं, ‘जमेल तिथे’ नाही. तिसरा, गाडी झटकन वळवण्याचा. इथे पुष्कळांना पहिल्यांदाच कळतं, की चालत्या मोटारसायकलला उजवीकडे न्यायचं तर उजव्या हँडलला हलकेच पुढे रेटायचं असतं! आपण सगळे नकळत हेच करतो, पण कळून केलं तर खड्डा चुकवायला अर्धा सेकंद वाचतो.

चौथा धडा सैल हातांचा. हँडल घट्ट आवळून धरलं की स्वाराच्या अंगाचा प्रत्येक हिसका गाडीला बसतो. म्हणून गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हात मोकळे ठेवायचे.

पाचवा धडा नजरेचा, आणि तो सगळ्यांत मोलाचा. माणूस जिथे पाहतो तिथे गाडी जाते. खड्ड्याकडे पाहिलं की खड्ड्यातच जाणार, समोरच्या ट्रककडे टक लावली की तिकडेच ओढले जाणार. वळण्याची जागा गाठण्यापूर्वीच नजर वळणाच्या आतल्या बाजूकडे न्यायला इथे शिकवतात.

या साऱ्यामागे एकच विचार आहे. संकटात माणसाचं शरीर उपजत बुद्धीने वागतं: हात आवळतात, ॲक्सिलरेटर सुटतो, ब्रेक करकचून दाबला जातो, नजर धोक्यावर खिळते. जमिनीवर हे ठीक असेल, पण दोन चाकांवर नेमकं हेच घात करतं. ही उपजत सवय मोडणं हाच या शाळेचा अभ्यासक्रम. कोड यांनी माणसाच्या लक्षाला खिशातल्या दहा डॉलरच्या नोटेची उपमा दिली आहे. पाच डॉलर भीतीवर खर्च झाले, तर रस्त्यासाठी उरणार पाचच. सराव वाढला की प्रत्येक कामाचा खर्च कमी होतो.

घरी परतल्यावर

इथे शिकलेलं सगळं रस्त्यावर वापरायचं नसतं, हेही समजून घ्यायला हवं. ट्रॅकवर वळणात बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर असा संपूर्ण रुंदीचा वापर करतात. आंबोली किंवा ताम्हिणी घाटात तसं केलं तर एसटीच्या समोरच जायचं. घाटात आपली अर्धी बाजू हाच आपला ट्रॅक.

वेगाचं गणित मात्र दोन्हीकडे सारखंच. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे जाते. म्हणजे धोका दिसून ब्रेकवर बोटं जाईपर्यंतच एवढं अंतर कापलं जातं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. हे ज्याने ट्रॅकवर स्वतः अनुभवलं, तो शाळेसमोरून जाताना वेग आपण होऊन कमी करतो.

तरीही ट्रॅक म्हणजे खेळाचं मैदान नव्हे. ऑगस्ट 2023 मध्ये याच ठिकाणी राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत पडून बेंगळुरूच्या अवघ्या 13 वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. प्रशिक्षण आणि शर्यत या वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवणीत कोणी पहिलं येत नाही, पण शर्यतीत प्रत्येकाला यायचं असतं. मूल पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाऊ पाहत असेल, तर हा निर्णय घरात सगळ्यांनी बसून, विचारपूर्वक घ्यावा.

हा विषय फक्त मुलांचा आहे असंही समजू नये. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने 2019 साली बाजा प्रकारच्या शर्यतींत महिलांचा विश्वचषक जिंकला. रोज स्कूटरवरून ऑफिस आणि मुलांची शाळा गाठणाऱ्या गृहिणीलाही सैल हातांचा आणि नजरेचा धडा तितकाच उपयोगी आहे.

जायचं असेल तर

मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे चेन्नईला थेट रेल्वेगाड्या आहेत. तिथून ट्रॅक तासा-दीड तासावर. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिथले पावसाचे महिने, मे महिन्यात ऊन असह्य. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. एक शिकत असताना बाकी कुटुंबाने कांचीपुरम गाठावं: मंदिरं आणि रेशमी साड्या, दोन्ही साधतं. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे हाही एक पर्याय आहे.

नाव नोंदवण्याआधी काही प्रश्न जरूर विचारा. एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? वयाची अट काय? सूट आणि गाडी भाड्याने मिळते का? डॉक्टर आणि रुग्णवाहिका दिवसभर असते का? आपल्या विम्याचा कागदही वाचा, कारण शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान नेहमीच्या वाहनविम्यात सहसा धरत नाहीत.

आणि एवढं लांब जाणं जमणार नसेल, तर रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर हेल्मेट घालून, कमी वेगात, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबत थांबण्याचा सराव अर्धा तास करा. शाळेचं मैदान तेच, पण या वेळी ‘क्लच हळू सोड’ याच्या पुढचा धडा मुलाला जरूर द्या.