वेदना परत आली, तेव्हा मी वाचले

आपल्या वस्त्यांमध्ये आजही असं घर सापडतं, जिथे भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर असते आणि उंबऱ्यात भगत बसलेला असतो. याला 'अज्ञान' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण भगत टिकतो, कारण त्याचा उतारा अनेकदा लागू पडल्यासारखा दिसतो. मी हे स्वतःच्या शरीरावर भोगलं आहे.

आमचं गाव महाड तालुक्यातलं. मी नऊ वर्षांची असताना, मे महिन्यात, चुलीसाठी फाटी काढताना लाल विंचू बोटाला डसला. आधी जीव जाईल अशी कळ आली. शेजाऱ्यांनी भगत आणला. त्याने राख फुंकली, मंत्र पुटपुटला आणि थोड्या वेळाने कळ ओसरली. "विष उतरलं," तो म्हणाला. आजीने लगेच कोंबड्याचा नवस बोलून टाकला.

पण माझे हातपाय गार पडले होते, घामाच्या धारा चालल्या होत्या, उलट्या थांबत नव्हत्या. बाबांनी कोणाचं न ऐकता मला जीपमध्ये घातलं. दवाखान्यात गोळी दिली. रात्री उशिरा हातपायांत ऊब आली आणि बोट पुन्हा ठणकायला लागलं. मी किंचाळले. आई घाबरली. डॉक्टर मात्र हसले, "दुखतंय ना? मग पोरगी वाचली."

याचा अर्थ मला खूप नंतर कळला. लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरू शकतं. अशा गंभीर रुग्णाला दंशाच्या जागी वेदना कमी असू शकते आणि प्रकृती सुधारताना ती परत येते. म्हणजे भगत ज्याला उतारा म्हणत होता, ती धोक्याची खूण होती. रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर वापरण्याचं काम 1980 च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच महाड परिसरात केलं. गोरगरिबांचे किती जीव त्यामुळे वाचले!

नवसाचं काय झालं? आजी अडून बसली होती. बाबा म्हणाले, "फेडायचाच तर गोळीचा फेडू." त्या पैशांतून घराच्या दगडी भिंतीतल्या फटी बुजवल्या.

विंचू जात बघून डसत नाही हे खरं. पण अनवाणी पाय कोणाचे? फटींच्या भिंती कोणाच्या? फाटी गोळा करणारे हात कोणाचे? आणि दवाखाना कोणापासून लांब? नवसाने यातला एकही प्रश्न सुटत नाही.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला हे पाठ हवं. सोबत गावात रात्री गाडी मिळेल का, जवळच्या आरोग्य केंद्रात औषध आहे का, याचाही पाठपुरावा हवा. नाहीतर मोकळी जागा भगतच भरणार.

समाजाचंही असंच आहे. अन्याय होऊनही दुखेनासं झालं, की भोवतालचे म्हणतात, आता सगळं शांत आहे. 1927 साली याच महाडमध्ये हजारो माणसं चवदार तळ्यावर चालत गेली, कारण त्यांना दुखायला लागलं होतं. म्हणून 'तुम्हाला अजून कशाचं दुखतंय?' असं कोणी विचारलं, तर ओशाळू नका. हातपायांत ऊब येत असल्याची ती खूण आहे.

जय भीम!